ब्रूजला लेस घेण्याआधी कांटसेंट्रुमला जाऊन या

बेल्जियमला जाणारी आपली मंडळी एक दिवस ब्रूजसाठी राखून ठेवतातच. कालव्यातली बोट, घंटाघर, चॉकलेटची दुकानं, आणि परतीच्या गडबडीत घरच्यांसाठी 'काहीतरी लेसचं'. त्या खरेदीच्या आधी दुपारचे दोन तास काढून बाल्स्ट्राट नावाच्या गल्लीत जा. तिथे कांटसेंट्रुम, म्हणजे लेस केंद्र आहे. मुख्य चौकापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. वाटेत गर्दी विरळ होत जाते आणि बुटक्या घरांची शांत वस्ती लागते. शेजारीच अडॉर्नेस घराण्याचं जुनं जेरुसलेम चॅपल आहे, तीच खूण.

मी सांगलीत शिवणक्लास घेते. क्रोशाचे रुमाल, तोरणं, टीपॉयवरची कव्हरं हे आईच्या हाताखाली शिकले, आणि आजही क्लासला येणाऱ्या मुलींना मशीनच्या आधी सुई धरायला लावते. मुलगी ब्रसेल्सला असते. तिथून ब्रूज ट्रेनने तासाभरावर आहे. तेव्हा हा अभिप्राय पर्यटकाचा कमी आणि हातात दोरा घेऊन बसणाऱ्या बाईचा जास्त आहे.

केंद्राची इमारत म्हणजे पूर्वीची नन्सची लेसशाळा. खाली संग्रहालय, वर दुसऱ्या मजल्यावर कार्यशाळा. संग्रहालय आटोपशीर आहे. कुठल्या गावची लेस कशी ओळखायची, शाळा कशा चालायच्या, व्यापार कसा व्हायचा, हे नीट मांडलंय. ते बघून घ्या, पण सगळा वेळ तिथे घालवू नका. प्रात्यक्षिक दुपारी असतं आणि खरी गोष्ट वर आहे.

दार उघडण्याआधीच आवाज येतो, लाकडावर लाकूड आपटल्याचा, बारीक आणि सतत. आत बहुतेक साठीपुढच्या बायका आणि त्यांच्यात एक कॉलेजच्या वयाची मुलगी. प्रत्येकीसमोर गोल, सपाट, घट्ट भरलेली उशी. उशीवर भोकं पाडलेला नमुन्याचा कागद, त्यात उभ्या खोचलेल्या टाचण्या, आणि खाली पंख्यासारखी पसरलेली लाकडी बॉबिन्स. आपल्या मशीनच्या बॉबिनशी यांचा काही संबंध नाही. ही बोटभर लांबीची, खाली फुगीर आणि वर निमुळती. निमुळत्या भागावर दोरा गुंडाळून वर फास दिलेला असतो. बॉबिन जरा फिरवलं की लागेल तेवढाच दोरा सुटतो आणि फास पुन्हा धरून ठेवतो. न सुई, न गाठ.

आणि कृती किती? दोन. बॉबिन्स जोडीने चालतात, म्हणजे एका वेळी चार हातात. मधली दोन एकमेकांवरून टाकायची, डावं उजव्यावर: हा 'क्रॉस'. मग दोन्ही जोड्यांत उजवं डाव्यावर: हा 'ट्विस्ट'. बस. शिमग्यात किंवा शाळेच्या गॅदरिंगला गोफ विणताना पाहिला असेल, तर लेस तुम्हाला निम्मी कळली. तिथे माणसं दोऱ्या घेऊन फिरतात, इथे बॉबिन्स फिरतात. क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलं की कापडासारखी दाट वीण येते. नुसतं क्रॉस-ट्विस्ट केलं की तिरकी मोकळी जाळी. क्रॉस-ट्विस्ट दोनदा केलं की उघडी पण घट्ट वीण. बेल्जियमच्या आकृत्यांत या तिन्हींना रंग दिलेत: दाट विणीला जांभळा, जाळीला हिरवा, तिसरीला लाल. मला डचचं अक्षर येत नाही, पण समोरच्या बाईंनी आकृती पुढे केली आणि कुठे काय करायचं ते सरळ वाचता आलं. शिकवण्याची इतकी स्वच्छ पद्धत मी आपल्याकडे कुठल्याही विणकामाच्या वर्गात पाहिलेली नाही. आपल्या क्रोशाच्या आकृत्या अशा रंगीत काढल्या तर किती मुली पुस्तकावरून स्वतः शिकतील!

ज्या बाईंजवळ मी जास्त वेळ बसले, त्या ब्रूजची फुलांची लेस करत होत्या. या प्रकारात पानं-फुलं सुटी विणतात आणि मग एकमेकांना जोडतात. एक चालती जोडी आडव्या धाग्यासारखी सगळ्या उभ्या जोड्यांतून जाते, काठाशी टाचणी लागते, जोडी परत फिरते. पाकळी वळली की बाई उशीच फिरवायच्या, हात जागच्या जागी. पाकळी पूर्ण होऊन शेजारच्या पाकळीला टेकली तेव्हा त्यांनी टाचणी काढली आणि अगदी बारीक क्रोशाची सुई घेतली. टाचणीच्या भोकातून एका बॉबिनचा दोरा फासासारखा वर ओढला, त्या फासातून जोडीतलं दुसरं बॉबिन आरपार नेलं, आणि दोन्ही दोरे हलकेच ताणले. सांधा दिसेनासा झाला. क्रोशाची सुई बघून माझा चेहरा फुलला असणार, कारण त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि पुढचा सांधा मला घालायला लावला. मुलगी दुभाषाचं काम करायला सोबत होती, पण तिला बोलावं लागलं नाही.

त्या पाकळीला गेलेला वेळ बघितल्यावर गावातल्या दुकानांकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं. भर बाजारातल्या एका दुकानात 'हातची' असं लिहिलेले रुमाल ढिगाने लावले होते, किंमत दोन कप कॉफीएवढी. तळहाताएवढ्या फुलाला कित्येक तास जातात, मग या किमतीत मजुरी कुणाला आणि किती मिळाली? विचारलं तर विक्रेत्याने विषय बदलला. ब्रूजमध्ये विकली जाणारी बरीचशी लेस यंत्रावरची किंवा चीनमधून आलेली असते, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. यंत्राची लेस घेण्यात गैर काही नाही, पण तिला हातची म्हणून विकणं हा त्या उशीपुढे बसलेल्या बाईवर अन्याय आहे. घेताना तुकडा उजेडाकडे धरा, जमलं तर भिंग लावा. दाट विणीत आडवा धागा काठापर्यंत जाऊन परत फिरताना दिसला पाहिजे. काठाला कापलेले धागे आणि बारीक पिसं दिसली, किंवा सगळी फुलं ठशासारखी तंतोतंत सारखी असली, तर समजून जा.

यंत्राने ही कला मोडली ती आजकालची गोष्ट नाही. 1809 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट यांनी बॉबिनची जाळी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि हातच्या लेसचा भाव उतरत गेला. तरी फ्लँडर्समध्ये, म्हणजे ब्रूज ज्यात येतं त्या बेल्जियमच्या भागात, ती टिकली, कारण 19 व्या शतकात गरीब घरच्या मुली नन्सच्या शाळांत लहानपणापासून उशीपुढे बसत, आणि मजुरी अगदी तुटपुंजी असे. माल मात्र श्रीमंतांच्या गळ्या-मनगटांवर. पहिल्या महायुद्धात जर्मनीने बेल्जियम व्यापला तेव्हा हर्बर्ट हूव्हर (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते) यांच्या मदत समितीने दोरा आत आणि लेस बाहेर नेण्याची परवानगी मिळवली, त्यावर हजारो घरं तगली. पोटासाठी जिला हे करावं लागलं तिच्याबद्दल मला वाईट वाटतं, आणि तिच्या हाताबद्दल तेवढाच आदर वाटतो. आज त्याच इमारतीत बायका स्वतःच्या आवडीने येतात, फी भरून शिकतात. माझ्या मते कला जिवंत आहे ती इथे, काचेच्या कपाटात नाही.

हे काही फक्त ब्रूजपुरतं नाही. स्लोव्हेनियात इद्रिया या पाऱ्याच्या खाणीच्या गावात 1876 साली सुरू झालेली लेसशाळा अजून चालू आहे, मुलं तिथे शिकायला जातात. तिथल्या बॉबिन लेसला 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडेही ही कला आली होती. कन्याकुमारीजवळच्या नागरकोइलला मिशनरी मार्था मॉल्ट यांनी 1820 च्या आसपास मुलींना उशीवरची लेस शिकवायला सुरुवात केली. मुंबईहून कन्याकुमारीला जाणारे आपण विवेकानंद स्मारक बघून परत येतो, ही गोष्ट कुणी सांगत नाही.

आता कामाचं. खाली दुकान आहे. तिथे तयार लेसपेक्षा दोरा, बॉबिन्स, टाचण्या, नमुने आणि पुस्तकं घ्या. चार दिवस मुक्काम असेल तर अभ्यासक्रमांची चौकशी आधीच करून ठेवा, आयत्या वेळी जागा मिळेलच असं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर एकाने त्यांना बाहेर फिरवावं आणि दुसऱ्याने वर निवांत बसावं. इथे घाईने फिरून काही हाती लागत नाही. शिवण-टिपण, विणकाम, भरतकाम यांतलं काहीही येणाऱ्या बाईने किंवा बुवाने हे चुकवू नये. ज्यांना यात अजिबात रस नाही त्यांनी बोटीतच बसावं, माझी हरकत नाही.

मी थोड्या जोड्या बॉबिन्स, सुती दोरा आणि सुरुवातीच्या पट्टीचे नमुने घेतले. उशी बॅगेत मावणारी नव्हती. ती गल्लीतल्या गादीवाल्याकडून पेंढा ठासून भरून करून घेतली, वर निळं मांजरपाट. टाचणी उभी राहायला उशी दगडासारखी कडक लागते, त्यामुळे त्याच्याकडून दोनदा उसवून पुन्हा भरून घ्यावी लागली. क्लासमधल्या दोघी आता क्रॉस-ट्विस्टची पट्टी करतायत. बॉबिन्स कमी पडतायत, म्हणून एक नमुना सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडे पाठवलाय. लेथवर ते सहज होईल असं तो फोनवर म्हणाला. नग हातात आले की गुळगुळीत आहेत का, फास धरतो का आणि काय भाव पडला, ते इथेच खाली लिहीन.