कॅटलॉग देखणा, गिअर मात्र जाम

भोसरी येथील आमच्या गिअर कटिंगच्या छोट्या कारखान्यासाठी सोळा पानी कॅटलॉग तयार करण्याचे काम आम्ही पुण्यातील एका डिझाइन संस्थेकडे सोपवले होते. कागद, छपाई आणि वेळ या तिन्ही बाबतींत तक्रारीला जागा नाही. अडचण मुखपृष्ठापासून सुरू होते.

मुखपृष्ठावर तीन गिअर त्रिकोणात एकमेकांत गुंतवलेले आहेत. दाते एकमेकांत बसलेले दोन गिअर नेहमी उलट दिशांना फिरतात. म्हणजे पहिला उजवीकडे फिरला तर दुसरा डावीकडे आणि तिसरा पुन्हा उजवीकडे फिरायला हवा, पण तो पहिल्यालाही भिडलेला असल्याने तिघेही जागच्या जागी जाम होतात. या चुकीला मोठ्या घरची सोबत आहे, हे मान्य केले पाहिजे: ब्रिटनमध्ये १९९८ साली चलनात आलेल्या दोन पौंडांच्या नाण्यावर १९ गिअरचे बंद कडे आहे आणि संख्या विषम असल्यामुळे तेही फिरणे शक्य नाही. मात्र टांकसाळीला गिअर विकायचे नसतात, आम्हाला विकायचे असतात.

आतल्या पानांवरच्या चुका अधिक महागात पडणाऱ्या आहेत. समांतर शाफ्टवर चालणाऱ्या हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांच्या, गिअरच्या जोडीत एका गिअरचे दाते उजव्या आणि दुसऱ्याचे डाव्या कलाचे असावे लागतात. येथे एकाच गिअरच्या चित्राची नक्कल करून ती शेजारी चिकटवली आहे. वर्मचे (स्क्रूसारखे आटे असलेल्या गिअरचे) छायाचित्र पानाच्या मांडणीला शोभावे म्हणून आरशासारखे उलटवले आहे. उजव्या आट्याचा वर्म उभा धरला की समोरच्या आट्यांची चढण डावीकडून उजवीकडे जाते; छापील चित्रात ती नेमकी उलट आहे. एका जुन्या ग्राहकाने तर फोन करून विचारले, "डाव्या आट्याचे वर्म कधीपासून करायला लागलात?"

संस्थेने तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि दुरुस्तीचे पैसेही मागितले नाहीत, परंतु "इतक्या बारकाईने कोण बघते?" हा प्रश्न आला तो आलाच. आमचा कॅटलॉग पाहणारे लोक देखभाल विभागातले असतात. त्यांची नजर आधी दात्यांवरच जाते. सुधारित मुखपृष्ठात मधल्या फटीत चौथा छोटा गिअर बसवला होता, त्यामुळे एका जाम त्रिकोणाचे चार झाले. तिसऱ्या खेपेला चौथा गिअर काढून मूळ तिघांपैकी दोन गिअर एकमेकांपासून सुटे केले, तेव्हा चित्र फिरण्याजोगे झाले.

दोष आमच्याकडेही आहे, कारण पहिले प्रूफ मी माल रवाना करण्याच्या गडबडीत मोबाइलवर पाहून मंजूर केले. पुढचे काम याच संस्थेला देईन. मात्र छायाचित्र उलटवायचे नाही आणि हॉबिंग मशीनवरच्या (गिअरचे दाते कापणाऱ्या यंत्रावरच्या) आमच्या कारागिराने कागदावरचे प्रूफ पाहून सही केल्याशिवाय छपाई करायची नाही, या दोन अटी कामाच्या आदेशातच लिहिलेल्या असतील.