छोट्या बोटीतून समुद्रपक्षी: आईसोबतची सकाळ

मोठ्या दुमजली बोटीच्या निम्म्याहून कमी तिकिटात ही सफर होते, म्हणून आईला घेऊन गेले. तिला पक्ष्यांचं भारी वेड, पण गुडघ्यांमुळे रानवाटा सुटल्या. इथे बसल्या जागी सगळं दिसलं.

बोट जेमतेम बारा जणांची. कठडा पाण्यापासून हातभरच वर, त्यामुळे खडकावरचे पक्षी थेट नजरेसमोर येतात. पाणकावळे पंख पसरून उन्हात बसले होते. त्यांची पिसं भिजतात, आत हवा फारशी अडकत नाही. म्हणून बुडी सोपी जाते, पण नंतर असं वाळत बसावं लागतं. एकाने बोट अजून जवळ न्यायचा आग्रह धरला, तेव्हा तांडेलदादा ठाम नाही म्हणाले. लांबच इंजिन बंद करून म्हणाले, "भरतीत एवढाच खडक उरतो. उठवलं तर बसायचं कुठे त्यांनी?" मी पाच तारे देते ते यासाठी.

परतताना धक्क्याच्या खुंटावर एक कुरव (सीगल) बसला होता. चोचीच्या टोकाशी थेंब जमायचा, तो मान झटकायचा, पुन्हा थेंब. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ बाहेर टाकतात, ते खारं पाणी नाकपुड्यांतून असं ओघळतं. आईची नजर तिथून हलेना. सुरय (टर्न) हा पक्षी ओळखायलाही ती तिथेच शिकली: शिकार शोधताना चोच खाली रोखलेली, कुरवासारखी समोर नाही.

जाहिरातीतले डॉल्फिन दिसले नाहीत, त्याचं काही नाही. पण सव्वादोन तासांच्या फेरीत शौचालय नाही, हे बुकिंग करतानाच सांगायला हवं होतं. वयस्कर माणसांचे हाल होतात. छत निम्म्याच बोटीला आहे. भाड्याच्या दुर्बिणीच्या भिंगाला बुरशी होती. शक्यतो स्वतःची ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) न्या. बारा पटीची हलत्या बोटीत स्थिर राहत नाही.

वेळ मात्र भरती चढतानाचीच घ्या. चिखलावर पांगलेले पक्षी तेव्हा खडकांवर गोळा होतात. पौर्णिमेच्या सुमारास पाणी आणखी चढतं, म्हणून त्या दिवसांतली फेरी आईने आत्ताच सांगून ठेवली आहे. सावलीतला, मागचा बाक, जिथे कमी हलतं.