खाजनाचा अभ्यास: प्रश्नावली घेऊन की गावासोबत?

गोव्यातल्या खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत बांध घालून केलेल्या शेतीवर, संशोधन करायचे दोन मार्ग दिसतात. पहिल्यात पथक छापील प्रश्नावली घेऊन येतं आणि आकडे घेऊन जातं. काम झटपट होतं, गावागावांची तुलनाही जमते. पण भरतीच्या दाबाने मिटणारं नि ओहोटीला उघडणारं मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या फाटकाचं, दार कुठे अडतं, हे विचारायला त्यात रकानाच नसतो.

दुसऱ्यात प्रश्नच गावासोबत ठरतो. बांध कुठे झिरपतो, खाऱ्या पाण्यात कोरगुट हे भाताचं वाण कुठल्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) तग धरतं, हे सांगणारा शेतकरी सहसंशोधक होतो. जैवविविधता कायदा 2002 खालची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची आणि तिच्याबद्दलच्या ज्ञानाची नोंद, याच वाटेची. सल्लागाराने एकट्याने भरली तर मात्र ती पहिल्याच प्रकारात जमा.

तरी सहभाग म्हटला की सत्ता वाटली गेली, असं होत नाही. गावकारीतला, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेतला, नफ्याचा वाटा, जोण, परंपरेने पुरुष वारसांनाच मिळे. सभेतही अनेकदा भाटकार (जमीनमालक) बोलतो. मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) आणि भात लावणाऱ्या बाया मागे बसतात. म्हणून बायकांची वेगळी बैठक, बुडालेल्या दिवसाची मजुरी, नोंदींची प्रत गावाकडे, लेखावर नावं, हे सगळं आधीच ठरायला हवं.

मुदत तोकडी असेल तर प्रश्नावली चालेल. बांधाची दुरुस्ती कुठून सुरू करायची हे ठरवायचं असेल, तर मी दुसराच मार्ग धरेन.