एक पावसाळा आणि मागचा ब्रेक: केबल-डिस्कची टूरिंग सायकल नऊ महिने वापरल्यानंतर

जुलैच्या शेवटच्या रविवारी पसरणी घाट उतरताना मागच्या चाकातून पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज आला आणि ब्रेकची दांडी हँडलला टेकेपर्यंत दाबूनही वेग कमी होईना. पुढचा ब्रेक जपून दाबत मी कडेला थांबले आणि उरलेला घाट भर पावसात सायकल हातात धरून उतरले. अडतीस हजार रुपये मोजून घेतलेली सायकल सहा महिन्यांत अशी वागावी, याचा मला अतिशय संताप आला होता. हे लेखन त्याच दिवशी सुरू केले होते. नोव्हेंबरात ते पूर्ण करताना माझे मत बरेच बदलले आहे, पण सगळे नाही.

त्या दिवशीचा मार्ग साताऱ्याच्या सायकलस्वारांच्या परिचयाचा आहे: मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि परत सातारा, असे सुमारे १२० किलोमीटर. वेण्णेच्या खोऱ्यातून चढायचे आणि कृष्णेच्या खोऱ्यात उतरायचे. या दोन्ही नद्या पुढे संगम माहुलीला एकमेकींना भेटतात, म्हणून ही फेरी मला विशेष प्रिय आहे. पहाटे निघाले तेव्हा भुरभुर होती, मेढ्यापर्यंत सरी सुरू झाल्या आणि केळघर घाटात तर समोरची दहा पावलेही धुक्यात दिसत नव्हती. चढाबाबत या सायकलीला नावे ठेवायला जागा नाही. पुढची लहान चकती ३० दातांची आणि मागची सर्वांत मोठी ३४ दातांची असल्याने सामानासह बसूनच चढता येते, आणि ३८ मिलिमीटरचे टायर हवा थोडी कमी ठेवली की ओल्या खडीवरही घसरत नाहीत. मडगार्ड मात्र आखूड आहेत. पुढच्याला मी रबराचा तुकडा जोडला, तेव्हा कुठे बूट जरा कोरडे राहू लागले.

आता मूळ मुद्दा. सायकल, सामान आणि मी मिळून वजन सुमारे ९० किलो होते. पाचगणीहून वाईपर्यंतची उतरण ५०० मीटरहून अधिक आहे, म्हणजे चार लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा कुठे तरी खर्च व्हावी लागते. कोरड्या दिवशी वेगाने उतरताना तिचा मोठा वाटा वारा घेतो. पावसात आपण सावकाश उतरतो, त्यामुळे जवळजवळ सगळा भार ब्रेकच्या पॅडवर, म्हणजे चाकासोबत फिरणारी धातूची डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्यांवर येतो. त्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरच्या जांभ्याची तांबडी माती पाण्याबरोबर चाकावर उडते आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखी घासत राहते. सायकलीसोबत आलेले पॅड रेझिनचे, म्हणजे मऊ होते. ते कोरड्यात आवाज न करता चांगले धरतात, पण अशा चिखलात फार लवकर झिजतात.

वाईतल्या मेकॅनिकने चाक काढून पॅड माझ्या हातावर ठेवले. बाहेरचा निम्म्याहून अधिक शिल्लक होता, आतला मात्र धातूच्या पट्टीपर्यंत संपला होता. "ताई, ह्यातला एकच पॅड हलतो. आतला जागेवरच असतो, तो मागच्या स्क्रूनं पुढं घ्यावा लागतो. तुम्ही नुसती केबलच आवळत आलाय," असे तो म्हणाला, आणि ते खरे होते. दांडी सैल लागली की मी केबलचा नट फिरवत असे. त्याने फक्त बाहेरचा पॅड जवळ येतो. आतला झिजत जाईल तसतशी डिस्क त्याच्याकडे अधिकाधिक वाकवावी लागते आणि शेवटी केबल ओढते ती ब्रेकची भुजा पूर्ण फिरूनही दाब पोहोचत नाही. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकमध्ये पॅड झिजतील तसे आपोआप पुढे सरकतात. इथे ते काम आपल्याला अ‍ॅलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या चावीने करावे लागते.

त्यामुळे सायकलीवरचा माझा राग बराच निवळला. दुकानावरचा निवळलेला नाही. पॅड वॉरंटीत बसत नाहीत हे मला मान्य आहे, कारण ती झिजण्याचीच वस्तू आहे. परंतु मार्चमध्ये पहिल्या मोफत सर्व्हिसिंगच्या वेळी मी याच सैल दांडीची तक्रार केली होती, तेव्हा तिथेही केबल आवळूनच सायकल परत देण्यात आली. पुस्तिकेत त्या स्क्रूचा एका ओळीचाही उल्लेख नाही. पुढे पॅडचे पैसे आणि मजुरी मागितली गेली तेव्हा मी मजुरी देण्यास ठाम नकार दिला, आणि अर्ध्या तासाच्या वादानंतर ती माफ झाली. रक्कम दीडशे रुपयांची होती, पण चुकीच्या कामाचे पैसे मी देणार नाही.

ऑगस्टपासून दोन्ही चाकांना धातूमिश्रित, म्हणजे सिंटर्ड पॅड आहेत. ते ओल्यात कर्कश ओरडतात आणि नवे असताना पहिल्या काही किलोमीटरांत फारसे धरत नाहीत. घरासमोरच्या उतारावर वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन ब्रेक दाबल्यावर त्यांची पकड बसली. यवतेश्वरमार्गे कास आणि बामणोली अशा तीन पावसाळी फेऱ्या, एकदा ठोसेघर, एवढे होऊनही ते निम्म्याहून अधिक शिल्लक आहेत. किंमत रेझिनच्या दीडपट पडली, तरी दर किलोमीटरचा हिशेब केला तर हेच स्वस्त आहेत. मागच्या केबलच्या आवरणात पाणी शिरून गंज धरला होता, तीही बदलली.

आता प्रत्येक घाटाच्या माथ्यावर मी थांबते, दोन्ही पॅड डोळ्यांनी पाहते, आतल्या पॅडचा स्क्रू लागेल तेवढा फिरवते आणि मगच उतरते. सुटे पॅड आणि अ‍ॅलन की सीटखालच्या पिशवीत असतात. सायकल विकण्याचा विचार सोडला आहे. मात्र जूनपूर्वी दोन्ही बाजूंचे पॅड हलणारे केबल-ब्रेक बसवण्यासाठी दरमहा पाचशे रुपये बाजूला टाकत आहे.