वेट डिस्ट्रिब्युशन हिच : सहा महिने आणि पाच हजार मैलांनंतर

एप्रिलमध्ये सव्वीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, तेव्हा त्यासोबत हा हिच घ्यावाच लागला, म्हणजे ट्रेलरचा ट्रकच्या मागे पडणारा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या धुऱ्यांवर वाटून देणारी जोडणी. माझ्या हाफ-टन पिकअप ट्रकच्या रिसीव्हरवर (मागे हिच अडकवायच्या चौकोनी नळीवर) स्टिकर आहे, त्यात साध्या बॉलवर ५,००० पौंडांपर्यंतच ओढा असं स्पष्ट लिहिलंय. आमचा ट्रेलर सामान भरून ६,३०० पौंडांवर जातो. हिच ट्रेलरचे हेलकावे दाबायला चार ठिकाणी घर्षण देणारा, हजार पौंडी स्प्रिंग बारचा (बार म्हणजे ताणून बसवायचे दोन पोलादी दांडे, तेच भार पुढे ढकलतात). किंमत सातशे डॉलरच्या आसपास. वजन स्वतःचंच शंभर पौंडांच्या घरात, आणि तेही ट्रकच्या पेलोडमधूनच (ट्रक पेलू शकतो त्या वजनातून) वजा होतं हे घेताना कोणी सांगत नाही.

ज्या दुकानातून घेतला तिथल्या पोऱ्याने अर्ध्या तासात बसवून दिला. मापाची टेप लावलेली मी पाहिली नाही. डेन्व्हरहून फोर्ट कॉलिन्स आणि पुढे २८७ नंबरच्या रस्त्याने लॅरमी अशी पहिली सहल केली. ट्रकचं ढुंगण खाली, नाक वर. समोरून येणारे लाइट मारून शिव्या घालतायत आणि स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखं.

घरी आल्यावर मी स्वतःच शहाणपणा केला. ट्रक सपाट दिसला की झालं, असा माझा समज होता. हेडमध्ये (बॉल आणि बार ज्यात बसतात त्या भागात) दोन वॉशर वाढवले, म्हणजे हेड जास्त कललं आणि बार जास्त ताणले गेले. शिवाय एल-ब्रॅकेटही (ट्रेलरवरचे, बारची मागची टोकं टेकतात ते) एक भोक वर घेतले. ट्रक असा सपाट झाला की फोटो काढून मित्रांना पाठवला. पुढच्याच आठवड्यात पावसात, एका साध्या वळणावर, मागची चाकं हलकेच बाहेर सरकली. फार नाही, पण बायकोने मोबाइल खाली ठेवला एवढी.

मग मॅन्युअल उघडलं. (होय, तेव्हा.) पुढच्या चाकावरच्या मडगार्डच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजायची. एकदा ट्रेलर न जोडता, एकदा जोडून पण बार न लावता, एकदा बार लावून. माझी पहिली उंची ३८ इंच, दुसरी सव्वाएकोणचाळीस. म्हणजे ट्रेलरने नाक सव्वा इंच उचललं. माझ्या ट्रकच्या मॅन्युअलप्रमाणे बार लावल्यावर नाक साधारण निम्म्यावर परत यायला हवं, म्हणजे साडेअडतीस आणि पावणेएकोणचाळीसच्या मध्ये. माझं आलं होतं पावणेअडतीस! ट्रेलर नसताना असतं त्याच्याही खाली. मागच्या चाकांवरचं वजन मी पुढे आणि ट्रेलरच्या धुऱ्यांवर ढकलून ठेवलं होतं. मागचा भाग थोडा बसलेला दिसणं ठीक असतं. बघायचं ते पुढचं चाक. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, त्यामुळे माझा उचलू नका.

एक वॉशर काढला, एल-ब्रॅकेट मूळ भोकात आणले आणि थेट ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल (धुऱ्यांचं वेगवेगळं वजन दाखवणारा काटा) गाठला. पंधराएक डॉलर पहिल्या वजनाचे, त्याच दिवशी परत चढलं तर अगदी थोडे. नुसता ट्रक : पुढे ३,२४०, मागे २,६६०. ट्रेलर जोडून, बार सोडून : पुढे २,८८०, मागे ३,८२०, ट्रेलरच्या धुऱ्यांवर ५,५००. बार लावून : ३,०८०, ३,४८०, ५,६४०. पुढून गेलेल्या ३६० पौंडांपैकी २०० परत आले. टंग वेट (ट्रेलरच्या नाकाचा हिचवर पडणारा भार) ८००, म्हणजे ट्रेलरच्या वजनाच्या तेराएक टक्के. दहा ते पंधरामध्ये असलं की बरं. त्या दिवशी घरी येताना ट्रक पहिल्यांदा आपला वाटला.

जूनमध्ये फलटणहून बाबा आले. जुलैत ग्रँड टेटन नॅशनल पार्कला निघायचं म्हणून मी सामान भरत होतो. तिथे पाण्याची सोय नव्हती, म्हणून चाळीस गॅलनची टाकी घरूनच भरली. टाकी धुऱ्यांच्या मागे. दोन सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर कॅरिअर लावून अडकवल्या. बाबा खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "अरे, गाडी उलार भरलीस की." मी त्यांना स्प्रिंग बार समजावून सांगितले. आयुष्यभर कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाला मी वजनाचं गणित शिकवलं, आणि त्यांनी "बरं" म्हणून ऐकून घेतलं.

लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८० महामार्गाचा टप्पा वाऱ्यासाठी बदनाम आहे. एल्क माउंटनच्या जवळ डावीकडून एक अठरा चाकी ट्रक गेला आणि ट्रेलरची शेपूट हलायला लागली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जास्त. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, ट्रकचा ब्रेक दाबला नाही, ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, स्टिअरिंग सरळ धरलं. ट्रेलर ताळ्यावर आला. गाडीत कोणी बोललं नाही. बाबाही नाही, आणि तेच जास्त लागलं.

रॉलिन्सला पुन्हा वजन केलं. ट्रेलर ६,७३०, टंग वेट फक्त ६१०. नऊ टक्के! पाणी आणि सायकली मिळून मागून उचलत होत्या. उलार बैलगाडीत हेच होतं, मागे भार झाला की जू बैलांच्या मानेवरून उठतं. हिचचं घर्षण छोटे हेलकावे दाबतं, पण उलार भरलेला ट्रेलर त्याने सुधारत नाही. सायकली ट्रकच्या हौद्यात टाकल्या, पाणी तिथेच सोडून दिलं. पुढे मडी गॅप, लँडर, ड्युबॉइस आणि ९,६५८ फुटांची टोगवोटी खिंड, सगळं निवांत पार पडलं. पाणी आता मुक्कामाच्या जवळ गेल्यावर भरतो.

रोजच्या वापराबद्दल. बार चढवायला सोबत एक लोखंडी दांडा मिळतो. मी तो एकदाच वापरला, ताणलेला बार सुटला आणि बोटं वाचली ती नशिबाने. आता कपलर (ट्रेलरच्या नाकावरची वाटी) बॉलवर बसवून, लॅच लावून, ट्रेलरच्या जॅकने पुढचा भाग ट्रकच्या शेपटीसकट चारपाच इंच उचलतो. बार हाताने सरकतात. सोडतानाही तसंच. इलेक्ट्रिक जॅक नसेल तर कंबर बोलते.

आवाज मात्र आहे. पेट्रोल पंपावर वळताना असा कर्कश चरचराट होतो की लोक खाली वाकून बघतात. बारच्या हेडमधल्या टोकाला ग्रीस देतो, बॉललाही. एल-ब्रॅकेटवर देत नाही, कारण तिथे घर्षणाचंच काम आहे. पहिल्या हजार मैलांत हेडचे बोल्ट दोनदा पुन्हा टॉर्क रेंचने आवळावे लागले. त्यानंतर हलले नाहीत. ब्रॅकेटवरचा रंग घासून गेलाय, गंज दिसतो.

मला पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, पण बसवायला दुकानात सोडणार नाही. ट्रकच्या पुढच्या कमानीजवळ बायकोच्या लाल नेलपेंटची एक बारीक खूण केली आहे, बार चढवल्यावर टेप तिथेच लागतो. बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. व्हिडिओ कॉलवर ट्रेलर दाखवला की ते अजूनही आधी मागचा बंपर दाखवायला सांगतात.