बिनकाटेरी फड्या निवडुंग : बागेसाठी उत्तम, पण चिमटा हाताशी ठेवूनच

बागेच्या कोरड्या, दिवसभर उन्हात तापणाऱ्या कोपऱ्यासाठी एकच झाड सुचवायचे असेल, तर मी बिनकाटेरी फड्या निवडुंगाचे नाव विनासंकोच घेईन. त्याचे शास्त्रीय नाव ओपन्शिया फायकस-इंडिका असून रोपवाटिकांत ते मुळे धरलेल्या रोपाच्या किंवा नुसत्या सुट्या फड्याच्या, म्हणजे पानासारख्या दिसणाऱ्या चपट्या भागाच्या, रूपात मिळते. हे झाड मी जमिनीतही वाढवले आहे आणि कुंडीतही, आणि दोन्ही ठिकाणी त्याने समाधानच दिले आहे. मात्र विकत घेणाऱ्याला जे आधी कळायला हवे, ते रोपासोबतच्या चिठ्ठीवर सहसा नसते.

पहिला मुद्दा अर्थातच काट्यांचा. साध्या फड्या निवडुंगावर जे लांब, टणक काटे असतात, ते या वाणात जवळजवळ नाहीत. फड्यावर तिरप्या ओळींत दिसणाऱ्या ठिपक्यांपैकी एखाद्यातूनच आखूड पांढरा काटा डोकावतो आणि बाकीचे ठिपके वरवर पाहता रिकामे वाटतात. पण तोच ठिपका भिंगातून पाहिला, तर त्यात पिवळसर तपकिरी कुसळांचा दाट झुबका बसलेला दिसतो. या प्रत्येक कुसळाला मागच्या बाजूला वळलेले सूक्ष्म दाते असतात, त्यामुळे ते त्वचेत सहज शिरते आणि बाहेर ओढताना अडते. झाडापासून मात्र ते नुसता हात लागला तरी सुटते. मला मिळालेल्या रोपाच्या चिठ्ठीवर ‘पूर्णपणे काटेरहित, लहान मुलांसाठी सुरक्षित’ असे छापलेले होते, आणि हे विधान मला मनापासून खटकते. मोठे काटे नसल्यामुळे ओरखडे आणि खोल जखमा टळतात, हे खरे असले, तरी मुलांनी फडा उघड्या हाताने कुरवाळावा असे हे झाड नव्हे. फडा उचलताना जाड वर्तमानपत्राची घडी किंवा लांब चिमटा वापरावा. कापडी हातमोज्यांत कुसळे अडकून राहतात आणि पुढच्या वेळी तीच टोचतात. कुसळ शिरलेच, तर ती जागा चोळू नये. प्रथम चिकटपट्टी दाबून उचलावी आणि जी राहतील ती उजेडात बसून बारीक चिमट्याने काढावीत. त्या हाताने डोळ्याला तर अजिबात स्पर्श करू नये.

लागवड मात्र इतकी सोपी आहे की बागकामात नव्याने उतरणाऱ्यालाही ती जमावी. पूर्ण वाढलेला फडा सांध्याच्या जागी स्वच्छ सुरीने कापून सावलीत, हवेशीर जागी आठवडा-दोन आठवडे तसाच ठेवावा लागतो. कापलेल्या जागेवर कोरडी, घट्ट खपली धरली, की तो उभा धरून साधारण एक तृतीयांश भाग मातीत जाईल एवढाच पुरावा. ताजा कापलेला फडा ओल्या मातीत लावला, तर तो मुळे धरण्याऐवजी खालून कुजू लागतो. माती कसदार नसली तरी चालते, पण तिचा निचरा चांगलाच हवा. बागेतल्या चिकण मातीत भरपूर जाड वाळू आणि बारीक खडी मिसळून वाफा जमिनीपासून थोडा उंच करावा, कारण या झाडाची मुळे खोल न जाता वरच्या थरात दूरवर पसरतात आणि साचलेल्या पाण्यात तीच आधी गुदमरतात. नव्या फड्याची रुंद बाजू भर दुपारच्या उन्हाकडे ठेवू नये. मुळे धरेपर्यंत कडेची बाजू तिकडे असली, तर फडा भाजून पिवळा पडण्याची शक्यता कमी होते.

पाण्याच्या बाबतीत या झाडाइतके समजूतदार दुसरे झाड मी पाहिलेले नाही. बहुतेक वनस्पती दिवसा आपली पर्णरंध्रे उघडतात आणि उन्हात बरेच पाणी गमावतात, तर निवडुंग ती मुख्यतः रात्री उघडतो, तेव्हाच हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून दिवसा उजेड मिळाल्यावर वापरतो. पहाटे तोडलेला फडा संध्याकाळी तोडलेल्या फड्यापेक्षा अधिक आंबट लागतो, तो या रात्रीच्या साठवणीमुळे. ताज्या फड्याच्या वजनात बहुतांश पाणीच असते. दीर्घ कोरड्या काळात त्यावर सुरकुत्या पडतात आणि एकदा भरपूर पाणी मिळाले, की काही दिवसांत तो पुन्हा टवटवीत फुगतो. म्हणून वाफा पूर्ण सुकल्याशिवाय पाणी देऊच नये. थंडीत तर जवळपास देऊच नये. उन्हाबाबत मात्र हे झाड तडजोड करत नाही. सावलीत वाढलेले नवे फडे अरुंद, पातळ आणि लांबुडके होतात आणि वरच्या फड्यांचा भार त्यांना पेलवत नाही.

वाढीचा हंगाम सुरू झाला, की हे झाड रोज पाहण्याजोगे असते. जुन्या फड्याच्या वरच्या कडेवर बोटाच्या पेराएवढे कोंब येतात आणि त्या कोवळ्या फड्याच्या प्रत्येक ठिपक्याखाली एक इवलेसे, मांसल, टोकदार हिरवे पान असते. निवडुंगाची खरी पाने ती हीच. आपण ज्याला पान म्हणतो तो फडा म्हणजे चपटे झालेले खोड. ही पाने थोड्याच आठवड्यांत गळून जातात, त्यामुळे अनेकांच्या दृष्टीलाही ती पडत नाहीत. झाड पक्व झाल्यावर कडेवरच पिवळी ते नारिंगी, हाताच्या तळव्यात मावतील अशी फुले येतात. फुलातल्या दाट पुंकेसरांना गवताची काडी हलकेच लावली, तर ते एकेक करून आत, स्त्रीकेसराकडे झुकतात. मधमाशी आत उतरल्यावरही हेच घडते आणि ती परागांनी माखून बाहेर पडते. केवळ या दृश्यासाठीही हे झाड बागेत असावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. पुढे धरणारी बोंडे गोड आणि बियांनी भरलेली असतात, पण कुसळे त्यांच्यावरही असतात. ती घासून धुतल्याशिवाय बोंडाला हात लावू नये.

काट्यांचा अभाव ही सोय माणसाची आहे, झाडाची नव्हे. अमेरिकेतील प्रसिद्ध वनस्पती-संकरक ल्यूथर बरबँक यांनी 1907 च्या सुमारास बिनकाटेरी निवडुंगाचे वाण कोरड्या प्रदेशांसाठी चाऱ्याचे पीक म्हणून गाजावाजा करून विक्रीस आणले. पण ज्या झाडाचे काटे काढले त्याचे संरक्षणही गेले आणि जनावरांपासून राखण्यासाठी त्याला कुंपण घालणे भाग पडले. बागेतही हाच अनुभव येतो. शेळी, ससा किंवा घूस पोहोचू शकत असेल, तर कोवळे फडे उरत नाहीत, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे भोवती जाळी हवीच. दुसरे असे, की हे वाण बियांपासून वाढवण्यात अर्थ नाही. बियांपासून आलेली रोपे पुष्कळदा पुन्हा काटेरी निघतात. बिनकाटेरीपणा टिकवायचा असेल, तर खात्रीच्या झाडाचा फडाच लावावा.

रोगराई फारशी नसते. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि ते काडीने चिरडल्यावर गडद लाल रंग निघाला, तर ती कोचिनील कीड समजावी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि जुन्या ब्रशने ती निघते, फक्त दर काही दिवसांनी पुन्हा पाहणी करावी लागते. काळपट, मऊ पडलेला भाग मात्र निरोगी गर लागेपर्यंत कापून टाकावा.

जागेचा विचार लावण्यापूर्वीच करावा. मोकळ्या जमिनीत हे झाड माणसाच्या उंचीच्याही वर जाते आणि खालचे फडे जून होऊन लाकडी बुंधा बनतात. मर्यादित जागेत रुंद, जड कुंडीच बरी, कारण हलकी कुंडी वरच्या वजनाने कलंडते. थोडे धुके-दव पडणारी थंडी त्याला सोसते, कडक हिम मात्र हे वाण सहन करत नाही. अशा ठिकाणी एलिसियाना हा अधिक काटक, आकाराने लहान आणि तितकाच बिनकाटेरी प्रकार घ्यावा. छाटणीत निघालेले फडे कचऱ्यात, ओढ्याकाठी किंवा मोकळ्या माळावर कधीही टाकू नयेत. जमिनीवर पडलेला प्रत्येक फडा मुळे धरू शकतो, आणि फड्या निवडुंगाच्या काही जातींनी ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्षावधी हेक्टर जमीन व्यापली होती. ती मोकळी करण्यासाठी 1926 पासून अर्जेंटिनातून आणलेल्या पतंगाच्या अळ्या सोडाव्या लागल्या. नको असलेले फडे बारीक तुकडे करून उन्हात पूर्ण वाळवावेत किंवा मोठ्या कंपोस्ट ढिगाच्या अगदी मध्यभागी, गरम थरात पुरावेत.