कॅरॅव्हॅनचं व्हील लॉक: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

मार्चअखेरीस किल्ली आत गेली, पण फिरेना. ईस्टरला निघायचं होतं, कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर, घरासमोरच्या ड्राइव्हवर उभी, आणि चाकातून थेट चासीच्या रिसीव्हरमध्ये (बोल्ट बसायच्या खोबणीत) जाणारा कुलपाचा बोल्ट जागचा हलायला तयार नाही. तीनशे पौंडांच्या वर मोजून घेतलेल्या वस्तूने मालकालाच अडवावं, याचा राग अजून गेलेला नाही.

हे कुलूप कसं काम करतं ते अशी कॅरॅव्हॅन वापरणाऱ्यांना सांगायला नको. सोल्ड सिक्युअर या कुलपं तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं डायमंड रेटिंग आहे, लोखंड एक नंबर आहे. माझं भांडण आहे ते किल्लीच्या भोकावरच्या रबरी झाकणाशी. अंगठ्याच्या नखाएवढं झाकण, नुसतं दाबून बसवायचं. ना बिजागरी, ना पट्टी. थंडीने रबर कडक झालं की त्याची खालची कड उचललेलीच राहते. आमचा रस्ता बसचा, त्यामुळे पारा शून्याकडे जाणार असं दिसलं की रस्ता गोठू नये म्हणून कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) गाडी तपकिरी खडेमीठ टाकून जाते, आणि पुढचे कित्येक दिवस ते खारट पाणी नेमकं चाकाच्या उंचीवर उडत राहतं. झाकण काढून टॉर्च मारला तर आत हिरवट-पांढरा थर. पिना त्यात रुतून बसलेल्या. मी दर महिन्याला पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) कोरडं वंगण मारत होतो, तरीही हे झालं.

विक्रेत्याने फोनवर पहिलं उत्तर दिलं, ‘देखभाल नीट झाली नसेल, उत्पादकाशी बोला.’ हे उत्तर कुणी ऐकून घेऊ नये. ब्रिटनमधल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार जबाबदारी विकणाऱ्याची असते. खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत बिघाड झाला, तर तो मुळातच होता असं धरलं जातं. नव्हता हे सिद्ध करायचं काम विक्रेत्याचं. कुलूप ऑक्टोबरच्या शेवटी घेतलेलं. पावती, किल्ली फिरत नसल्याचा व्हिडिओ आणि त्या थराचे फोटो पाठवल्यावर भाषा बदलली. नवं बॅरल, म्हणजे किल्ली फिरते तो कुलपाचा गाभा, देतो म्हणाले. पण चाकात अडकलेलं जुनं काढायचं कोणी? ते त्यांच्या मते माझं काम.

इथपर्यंतचा मजकूर मी एप्रिलच्या सुरुवातीला लिहून ठेवला होता आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं स्वच्छ लिहिलं होतं. मग लॉकस्मिथ आला आणि माझं मत बदललं.

माणूस अनुभवी होता. भर दिवसा, मालकाच्या परवानगीने, ड्रिल, चांगले बिट आणि गुडघ्याखाली उशी घेऊन निवांत बसला होता. तरी तासभर तो त्या बॅरलशी झगडत होता. दोन बिट बोथट झाले. आवाज इतका, की समोरच्या आजी दोनदा खिडकीत येऊन बघून गेल्या. टायरमधली हवा काढून किंवा चाक बदलून या कुलपातून सुटका नाही, कारण बोल्टने चाक चासीलाच बांधलेलं असतं. चाक काढायचं म्हटलं तरी आधी कुलूपच काढावं लागतं. चोराला हवी असते शांतता आणि घाई, आणि इथे दोन्ही मिळत नाहीत. हिच लॉकही (कॅरॅव्हॅन गाडीला जोडायच्या सांध्यावरचं कुलूप) मी लावतो, पण फक्त त्याच्या भरवशावर कॅरॅव्हॅन सोडणार नाही. ते नुसता तो सांधा अडवतं.

आता सगळे ज्याची तक्रार करतात, ते म्हणजे चाकाचं भोक आणि रिसीव्हर जुळवणं. मला त्याचा फारसा त्रास झाला नाही. एकदा नीट जुळलं, की टायरच्या कडेवर रंगाची खूण करा आणि बरोबर त्या ठिकाणी मडगार्डवर चिकटपट्टी लावा. कॅरॅव्हॅन मागे घेताना दुसऱ्या माणसाने खुणेकडे बघायचं. दोन ॲक्सलची असेल तर मात्र दोन्ही चाकं एकाच वेळी जुळत नाहीत, एक जॅकवर घ्यावंच लागतं.

बॅरल फोडल्यापासून नवं येईपर्यंत वेगळाच पेच. माझ्या पॉलिसीत लिहिलंय की कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडलेली असेल तर व्हील लॉक आणि हिच लॉक दोन्ही लावलेली हवीत. कुलूप विकत घेतलंय याला विमावाले किंमत देत नाहीत, ते त्या रात्री लावलेलं होतं का हे विचारतात. म्हणून आधी त्यांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे कॅरॅव्हॅन कॅसोआच्या (कॅरॅव्हॅन ठेवायच्या जागांच्या संघटनेच्या) गोल्ड दर्जाच्या स्टोरेजमध्ये नेली आणि त्यांच्याकडून ते ईमेलवर लेखी घेतलं. स्टोरेजचं भाडं माझ्या खिशातून गेलं. ईस्टरची सहलही गेली, मुलं दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीत.

चोरी झाली तर कॅरॅव्हॅन कुठे आहे ते कळवणाऱ्या ट्रॅकरबद्दल थोडक्यात. विमा कंपन्यांसाठी अशी उपकरणं तपासणाऱ्या थॅचम संस्थेच्या एस७ वर्गातला आहे, काम चोख करतो, वर्षाची वर्गणी मात्र मला दरवेळी टोचते. हिवाळ्यात आतली १२ व्होल्टची बॅटरी उतरली तेव्हा त्याचाच संदेश आला, म्हणून बॅटरी वाचली. नवीन घेणाऱ्यांनी आत ४जीचं सिम आहे का हे विचारावं. ब्रिटनमधलं २जी २०३३ पर्यंत बंद होणार आहे आणि स्वस्त ट्रॅकर अजून त्यावरच चालतात. सेकंडहँड कॅरॅव्हॅन बघत असाल तर खिडक्यांवर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा क्रिस नंबर (कॅरॅव्हॅनचा नोंदणी क्रमांक) चासीवरच्या नंबराशी ताडून बघा. १९९२ पासूनच्या ब्रिटिश कॅरॅव्हॅनवर तो असायला हवा, आणि एखाद्या काचेवर तो घासलेला दिसला तर सौदा तिथेच सोडा.

मेपासून नवं बॅरल लागलंय. झाकण तेच, तसंच. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मी कुलपावर वरून घट्ट ओढून बसवतो; खालून पाणी निथळायला जागा ठेवलीय. जूनमधल्या मुसळधार पावसानंतर उघडून पाहिलं, आत कोरडं होतं. अशी पट्टी कारखान्यातून लावून द्यायला किती पेन्स लागले असते? हाच प्रश्न मी उत्पादकाला दोनदा लिहून विचारला, उत्तर नाही.

लॉकस्मिथचं बिल विक्रेता अजून द्यायला तयार नाही. दुरुस्तीसाठी लागणारा आवश्यक खर्चही त्याच कायद्याने विक्रेत्यानेच सोसायचा असतो, हे त्यांना लेखी कळवलंय आणि उत्तरासाठी चौदा दिवस दिलेत. नाही आलं तर स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जाणार.